चार फुटी तक्ता आणि सासऱ्यांचा डोळा

खरं तर जावईबापूंना तो कागद फक्त फेअर करायचा होता. मनात दुसरं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक त्यांच्या हेतूबद्दलच शंका घेतात.

कागद बायकोच्या हातचा होता. तिच्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शनिवारी झालं, आणि रविवारी दुपारच्या गाडीने तिला खात्याच्या परीक्षेसाठी परगावी जायचं होतं. ती शाळेत शिकवते. ही परीक्षा तिने दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा खातं काही ऐकणार नव्हतं. म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, चालेल त्या बॉलपेनने तिने डॉक्टरांच्या सूचना उतरवल्या होत्या. लाल झाकणाची बाटली, दिवसातून सहा वेळा, अजिबात चुकवायची नाही. निळं झाकण, तीन वेळा. दोन औषधांत दहा मिनिटं जाऊ द्यायची. हिरवं झाकण फक्त डोळा कोरडा वाटला तर. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. खाली वाकायचं नाही. बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचं.

"हे बाबांना एकदा मोठ्याने वाचून दाखव," ती बॅग भरता भरता म्हणाली. "एकदाच. त्यांना पाठ होतं."

जावईबापूंनी कागद हातात घेतला आणि त्यांना भरून आलं. एवढ्या मोलाच्या माहितीची ही दशा! अक्षरं एका बाजूला कललेली, "अजिबात" हा शब्द नंतर सुचल्यामुळे समासात कोंबलेला, आणि मागच्या बाजूने मागच्या वर्षीचा फेब्रुवारी डोकावत असलेला.

यामागे थोडा इतिहास आहे. जावईबापू घरापासून फार लांब जाऊन हेच शिकून आले होते. माहिती कशी दाखवावी, आकडे चित्रांत कसे आणावे, एका नजरेत माणसाला सगळं कसं उमगावं. इन्फोग्राफिक हा शब्द ते अशा आवाजात उच्चारत, की ऐकणाऱ्याने उभंच राहावं. परत येऊन ते गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयात माहिती कक्षात लागले (कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, आणि कक्षातला सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे ते). त्यांचं ठाम मत होतं, की जगातले निम्मे गोंधळ वाईट माणसांमुळे होत नाहीत, वाईट मांडणीमुळे होतात. (उरलेले निम्मे चांगल्या मांडणीमुळे होतात, ही पुरवणी त्यांच्या बायकोने नंतर जोडली.)

"अगं, ही नुसती अक्षरांची भिंत आहे," ते म्हणाले.

"सात ओळी आहेत."

"माणूस वाचत नाही, माणूस बघतो."

"माझ्या वडिलांच्या डोळ्याला टाका घातलाय. ते सध्या बघत नाहीत, ऐकतात."

"दुसरा डोळा आहे ना! आणि त्या डोळ्याला बारीक दिसत नाही, म्हणूनच मोठं चित्र हवं."

बायकोने बॅगेची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. "हे बघ, मी परत येईन तेव्हा बाबांचा डोळा मला ठणठणीत हवाय. तेवढं सांभाळ. बाकी तुला काय रंगवायचं ते रंगव."

ही परवानगी आहे, असं जावईबापूंनी धरलं.

आता सासऱ्यांबद्दल. सासरे रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी लिव्हर ओढले आणि गाड्या सोडल्या किंवा थांबवल्या. बोलणं मोजकं, चालणं घड्याळाप्रमाणे. जावयाबद्दल त्यांना माया होती, पण ती ते जपून वापरत. मुलगी परीक्षेला जाणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ठणकावलं होतं, की माझ्या डोळ्यासाठी कोणी घरी बसायचं नाही.

रविवारी सकाळपासून जावईबापू लॅपटॉपला चिकटून होते. मधोमध भलंमोठं घड्याळ, सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत. घड्याळाभोवती थेंब. सर्वांत महत्त्वाचं औषध लाल झाकणाचं, म्हणून लाल थेंब सर्वांत मोठे, नारळाएवढे, सहा. निळे मध्यम, तीन. हिरवा थेंब एकच, इवलासा, कोपऱ्यात. खाली दोन चित्रं: एक वाकलेला माणूस, त्यावर फुली, एक वाहता नळ, त्यावर फुली. अक्षर एकही नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना विशेष अभिमान होता. ज्याला वाचता येत नाही, ज्याला आपली भाषा येत नाही, परग्रहावरून जो आजच उतरला आहे, त्यालाही हा तक्ता कळला असता. (परग्रहावरचा कोणी त्या आठवड्यात फिरकला नाही, नाहीतर निदान एकाला तरी कळला असता.)

कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याने विचारलं, "किती बाय किती?"

"एका माणसाला पलंगावरून दिसेल इतका."

"वाढदिवस आहे का?"

"नाही. डोळा आहे."

फ्लेक्सवाल्याने चार फूट बाय तीन फूट छापून दिला, वर कड्याही मारून दिल्या.

बायको गेली. संध्याकाळी तक्ता बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या पलंगासमोर लागला. पलंग हवेसाठी बाहेरच्या खोलीत आणला होता आणि दार दिवसभर उघडंच असायचं. सासऱ्यांनी काळा चष्मा वर केला, डावा डोळा बारीक केला आणि बराच वेळ बघितलं.

"हे काय?"

"इन्फोग्राफिक, बाबा. माहितीचं चित्र. यात वाचायला काही नाही. नुसतं बघायचं आणि करायचं."

"लाल, निळा, हिरवा."

"बरोब्बर! समजलं ना सगळं?"

सासऱ्यांना त्या प्रश्नाची गंमत वाटली. "जावईबापू," ते म्हणाले, "जन्म गेला यात."

जावईबापूंचे डोळे पाणावले. इतक्या लांब जाऊन शिकल्याचं सार्थक झालं. आता कागद वाचून दाखवण्याचा प्रश्नच उरला नाही. मूळ प्रत जपून ठेवावी म्हणून त्यांनी तो कागद ऑफिसच्या बॅगेत टाकला.

त्या संध्याकाळचा लाल झाकणाचा थेंब त्यांनी स्वतः घातला. म्हणजे सासरे डोळे मिटून आडवे पडले, जावईबापूंनी पापणी धरली, नेम धरला, आणि थेंब सासऱ्यांच्या कानात गेला. दुसरा भुवईत. तिसरा पोहोचला.

"उद्यापासून मी माझं घालीन," सासरे कान पुसत म्हणाले. "तुम्ही ऑफिसला जा."

सोमवारी जावईबापू ऑफिसला गेले. संध्याकाळी जिन्यात त्यांना शिवणवाल्या मावशी भेटल्या. मावशी खालच्या मजल्यावर कपडे शिवत आणि इमारतीतल्या बातम्याही. दुपारी त्या सासऱ्यांना बघायला येऊन गेल्या होत्या, आणि आता त्यांचा चेहरा काळवंडलेला होता.

"जावईबापू, ते भिंतीवरचं नळाचं... खरंच का हो?"

जावईबापूंना आनंद झाला. तक्ता शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला होता! "अगदी खरं मावशी. थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नाही."

"थेंबसुद्धा नाही? आणि किती दिवस?"

"चार आठवडे तरी धरून चाला."

मावशींनी कठडा धरला. "मग अंघोळीचं काय करायचं माणसाने?"

"मानेखाली करायची. वर नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. सवय होते."

"वरून आलंय का हे?"

"म्हणजे काय! लेखी आहे माझ्याकडे."

"तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून आधी कळलं तरी," मावशी म्हणाल्या आणि वळून तरातरा खाली गेल्या. त्यांच्या या कळवळ्याने जावईबापूंना गहिवरून आलं. इमारतीतल्या लोकांना सासऱ्यांच्या डोळ्याची इतकी काळजी असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर सासरे पलंगावर ताठ बसले होते.

"बाबा, घातले थेंब?"

"चोख. तक्त्याप्रमाणे."

"काही त्रास?"

"जरा चुरचुरतंय. सहन होतंय."

जावईबापूंनी तक्त्याकडे पाहिलं. त्यांना त्याचा फोटो काढावासा वाटला. त्यांनी तो काढलाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास ऑफिसात साहेबांनी बोलावलं. साहेबांचे दोन्ही फोन वाजत होते आणि साहेब तिसऱ्यावर बोलत होते.

"तुम्ही राहता त्या इमारतीला पाणी नाही," साहेब म्हणाले. "शेजारच्या दोन इमारतींनाही नाही. टाक्या कोरड्या. सकाळी सहापासून लोकांनी पिंपं, बादल्या, पातेली, फुलदाण्यासुद्धा भरून घेतल्यात. विचारलं, का? तर म्हणे चार आठवडे पाणी बंद. विचारलं, कोण म्हणतं? तर म्हणे तुमच्याच ऑफिसातल्या माणसाने घरात बोर्ड लावलाय. सकाळी आठ ते रात्री आठ, नळावर फुली."

जावईबापूंना जिन्यातलं संभाषण आठवलं. वाक्यामागून वाक्य आठवलं. अंघोळीपाशी येईपर्यंत त्यांना घाम फुटला.

"साहेब, तो नळ डोळ्यातला आहे."

"काय?"

"म्हणजे पाणी डोळ्यात जाऊ नये म्हणून... ते इन्फोग्राफिक आहे, साहेब."

साहेबांनी तिन्ही फोन शांतपणे खाली ठेवले. "तीस वर्षं मी या खात्यात आहे. पाणी तोडायचं तर व्हॉल्व्ह फिरवायला चार माणसं पाठवावी लागतात. तुम्ही चित्र काढून तोडलंत. घरी जा आणि आधी ते उतरवा."

जावईबापू धावत घरी आले. जिन्यात प्रत्येक पायरीवर बादली होती. मावशी घागरीवर ताट झाकत होत्या. "तुमचं खरं निघालं हो!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "दहा वाजता नळ गेलाच. आणि कंबर कशी आहे आता? तो वाकलेला माणूस बघितला, तेव्हाच म्हटलं बिचाऱ्याची कंबर धरलीय."

जावईबापू बादल्या चुकवत वर गेले. सासरे आडवे पडून, चष्मा कपाळावर सारून डोळ्यात थेंब घालत होते. हातात हिरव्या झाकणाची बाटली होती. डोळा लाल झाला होता आणि पापणी सुजली होती.

जावईबापूंनी बाटलीचं झाकण निरखलं. "बाबा, हिरवी? लाल कुठे आहे?"

"कपाटावर. मागच्या बाजूला."

"कपाटावर का?"

सासरे उठून बसले. "लाल आहे ना ती. एवढे मोठे मोठे सहा लाल दाखवलेत तुम्ही. सहा वेळा बजावलंत, थांबा म्हणून. मी म्हटलं काहीतरी भयंकर औषध असणार, चुकून हातात यायला नको. चौतीस वर्षांत मी एकदाही लाल ओलांडू दिलेला नाही, जावईबापू. आता या वयात ओलांडू?"

"आणि निळी?"

"निळा आमच्या लाइनीवर नव्हता. ज्याचा अर्थ ठाऊक नाही त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"मग काल सकाळपासून तुम्ही..."

"हिरवा. हिरवा मिळाला की निघायचं. एकच होता, लहान होता, पण स्पष्ट होता. चुरचुरलं की घालत होतो. आता संपत आलाय."

जावईबापूंनी बोटांवर हिशेब केला. सोमवारचे सहा, मंगळवारचे आत्तापर्यंतचे दोन, कालपासून लाल औषधाचा एक थेंबही त्या डोळ्यात गेला नव्हता. बायकोने एकच गोष्ट सांभाळायला सांगितली होती. ते स्टुलावर चढले, कपाटावरून बाटली काढली आणि हात धुवायला नळाकडे धावले. नळाने फुस्स केलं.

"मावशी!" ते जिन्यातून ओरडले. "एक तांब्या पाणी द्या!"

"अहो, आत्तापासूनच? चार आठवडे काढायचेत!" पण मावशींनी तांब्या आणला, आणि सासऱ्यांकडून काय झालं तेही ऐकून घेतलं.

पंधरा मिनिटांत ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होते. एका हाताने सासऱ्यांचा दंड धरलेला, दुसऱ्या काखेत गुंडाळलेला फ्लेक्स (पुरावा म्हणून की बचाव म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं). डॉक्टरीणबाईंनी यंत्राला डोळा लावला. जावईबापूंनी त्या वेळात मनातल्या मनात बायकोला सांगायची पाच वाक्यं तयार केली आणि पाचही खोडली.

"सूज आलीय," डॉक्टरीणबाई अखेर म्हणाल्या. "पण वेळेत आलात. आजपासून लाल झाकणाचं दर तासाला घाला, उद्या मी बघते. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. चुकलं कसं? मी तर तुमच्या मिसेसना नीट सांगितलं होतं."

जावईबापूंनी फ्लेक्स उलगडला. डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी करून पाहिला.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "हे लाल म्हणजे अजिबात घालायचं नाही ते, ना?"

घरी आल्यावर जावईबापूंनी तक्त्याची गुंडाळी कपाटामागे उभी केली, बॅगेतून कॅलेंडरचं पान काढलं आणि पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले. "बाबा, वाचतो." त्यांनी सगळं वाचलं. लाल दर तासाला, हे नवं डॉक्टरांचं वाक्यही सांगितलं.

सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. समासातलं "अजिबात"सुद्धा जागच्या जागी.

"केबिनमध्ये फोनवर निरोप आला," ते सावकाश म्हणाले, "की ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा. म्हटला नाही, तर निरोप पोहोचला असं धरायचं नाही. भले सांगणारा कितीही मोठा साहेब असो. तुमचं चित्र वाईट नव्हतं. तुम्ही मला परत म्हणायला सांगितलं नाहीत, एवढंच."

जावईबापूंना इतक्या वर्षांत इतक्या प्राध्यापकांपैकी कोणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. थेंब मात्र सासऱ्यांनी स्वतःच घातला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "पेपर बरा गेला. बाबा कसे आहेत?"

जावईबापूंनी दीर्घ श्वास घेतला. "हे बघ, रागावू नकोस, मला तुला काही सांगायचंय..."

"लाल म्हणजे थांबा, तेच ना? मावशींनी दुपारीच फोन केला होता. उरलेलंही सांगितलं. उद्या चारला पोहोचतेय. पाणी भरून ठेवलंयस ना?"

बुधवारी संध्याकाळी तिघंही दवाखान्यात होती. सूज ओसरली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, हसल्या आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सासऱ्यांनी वरून खालपर्यंत घडाघडा वाचली, अगदी शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीसकट. त्याखाली छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. तिने नवऱ्याचा हात धरला आणि दाबला. रविवारपासून ती त्याच्याशी प्रेमाने वागल्याची ही पहिली खूण होती.

"आता कसं वाटतंय आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लख्ख," सासरे म्हणाले. "धुकं उठल्यासारखं झालंय."

त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग जावयाकडे पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. उजवा मिटून डाव्याने पाहिलं, डावा मिटून उजव्याने पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि पुन्हा वर, जिथे पूर्वी त्यांना दाट केस दिसत असत तिथपर्यंत.

"काय झालं, बाबा?" बायकोने घाबरून विचारलं.

"काही नाही. तुझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघायला मीच गेलो होतो ना?"

"हो. तुम्ही एकटेच. का?"

सासरे डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हा मोतीबिंदू अंदाजे किती वर्षं जुना असेल?"